ब्रोमेलियाड, शोभिवंत

ब्रोमेलियाड, शोभिवंत : फुलझाडांपैकी एकदलिकित वर्गातील ब्रोमेलिएसी कुलात (अननस कुलात) समाविष्ट असलेल्या व पानांच्या आणि छदांच्या (फुलांच्या तळाशी असणाऱ्या पानांसारख्या उपांगांच्या) भडक रंगांसाठी बागेत व घरात लावल्या जाणाऱ्या वनस्पतींना हे नाव दिले जाते. कुलाचे नाव ब्रोमेलिया ह्या प्रजातीवरून पडले असून ती प्रजाती स्वीडिश वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ ओलोफ ब्रोमेलियस (१६३९–१७०५) यांच्या स्मरणार्थ ओळखली जाते. कुलात ७५ हून अधिक प्रजाती व ३,५०० हून अधिक जाती असून पश्चिम आफ्रिकेतील पिटकेर्निया फेलिसियाना ही एक जाती वगळता त्या सर्व मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. त्यांचा प्रसार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागापासून चिली व अर्जेंटिना या देशांपर्यंत आहे. भारतात ह्या कुलातील एकही जाती नैसर्गिक रीत्या आढळत नाही. तथापि अननस हे कुलातील सर्वांत महत्त्वाचे पीक पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणले व कोकणच्या किनाऱ्यावर ते पूर्णपणे रुळले. शोभिवंत जाती त्यामानाने पुष्कळ अलीकडे आल्या. अननसाचे झाड ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या वनस्पतींचा बांधा ओळखण्यास अडचण पडत नाही.

शारीरिक लक्षणे : खोड बहुधा आखूड, पाने साधी, लांबट, पट्टीसारखी, काही जातींत काटेरी कडांची व खोडाभोवती दाट सर्पिल मांडणीची. अनेक जातींत पानांचे रुंद तळ एकमेकांवर घट्ट बसून मध्यभागी पेला तयार होतो व त्यात पावसाचे पाणी, पालापाचोळा आणि धूळ साठते. मोठ्या जातींत हा साठा काही लिटरपर्यंत असतो. अमेरिकेच्या वर्षावनांत ह्या पेल्यांत बेडूक व कीटक वाढतात; जमेकातील एक खेकडा तर आपली पिले त्यातच वाढवितो. पानांवर ढालीच्या आकाराचे सूक्ष्म खवले असून पाणी व त्यात विरघळलेली लवणे त्यांच्याद्वारे शोषली जातात. त्यामुळे मुळांचे काम बव्हंशी आधाराला धरून राहणे एवढेच उरते. फुले तीन भागी. संदले ३, प्रदले ३, केसरदले ६ आणि किंजपुट तीन कप्प्यांचा असतो. फुले अल्पजीवी असतात, पण त्यांखालील लाल, नारिंगी, पिवळे वा गुलाबी छद अनेक आठवडे, काही जातींत काही महिनेही, रंग टिकवून ठेवतात. बाजारात ‘फूल’ म्हणून जे विकले जाते ते बहुधा छदांचा समूहच होय. मायदेशी हे रंग परागणास साह्य करणाऱ्या गुंजनपक्ष्यांना आकर्षित करतात. फळ मृदू किंवा बोंड (शुष्क, तडकणारे). बोंडातील बिया पंखयुक्त किंवा केसाळ असतात.

ह्या कुलातील निम्म्याहून अधिक जाती अपिवनस्पती आहेत, म्हणजे त्या दुसऱ्या झाडांचा केवळ आधार घेतात. झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक वनस्पतीस ‘बांडगूळ’ म्हणण्याची रीत असल्याने आंब्याच्या फांदीवर बांधलेली ब्रोमेलियाडे आंब्याचा रस शोषतील अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. बांडगूळ आपली शोषक मुळे आश्रय वनस्पतीच्या ऊतकांत घुसविते. ब्रोमेलियाडे मात्र, सह्याद्रीतील झाडांवर वाढणाऱ्या आमरींप्रमाणे (ऑर्किडांप्रमाणे), सालीस फक्त चिकटून राहतात.

प्रकाशसंश्लेषणाचे दोन प्रकार व त्यांचे महत्त्व : नाशिकसारख्या ठिकाणी कोणती जाती तगेल हे पुष्कळ अंशी तिच्या प्रकाशसंश्लेषणाच्या पद्धतीवर अवलंबून असते. एक्मिया, बिलबर्जिया, निओरेगेलिया, क्रिप्टँथस आणि करड्या पानांच्या टिलँड्सिया यांची त्वग्रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू कार्बनी अम्लांच्या रूपाने साठविला जातो व दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, सूर्यप्रकाशात त्यापासून शर्करा बनते. दिवसाच्या कडक उन्हात बाष्पोच्छ्वास जवळजवळ थांबत असल्याने ह्या जाती कोरडी हवा सहन करतात. याउलट गुझमॅनिया व व्ह्रीसिया यांच्या बहुतेक जातींत रंध्रे इतर सामान्य झाडांप्रमाणे दिवसा उघडी असतात. त्या सावलीच्या व दमट जंगलातील रहिवासी आहेत. दुकानात सर्वाधिक लक्ष वेधून घेते ती लाल गुझमॅनिया. उन्हाळ्यात सर्वप्रथम कोमेजते तीही हीच. नवशिक्याने तिच्याऐवजी बिलबर्जिया किंवा निओरेगेलिया यांपासून सुरुवात केल्यास निराशा टळते.

लागवडीतील प्रमुख प्रजाती : (१) निओरेगेलिया : चपट्या, पसरट गुच्छाची, फुलण्याच्या वेळी नि. कॅरोलिनी ह्या जातीची मधली पाने लाल होतात. ‘ट्रायकलर’ ह्या प्रकारात पानांवर पांढरट पट्टे असतात. फुले लहान व पेल्यातील पाण्याच्या पातळीलगत उमलतात. (२) एक्मिया : ए. फॅसिएटा ही ब्राझीलमधील जाती सर्वपरिचित आहे. पानांवर रुपेरी आडवे पट्टे, गुलाबी छद व निळसर फुले ही तिची ओळख. पानांच्या कडा काटेरी असल्याने ती लहान मुलांच्या वाटेत ठेवू नये. (३) बिलबर्जिया : उभट, नळीसारखा गुच्छ, छद आकर्षक पण थोडेच दिवस टिकणारे. बि. पिरॅमिडॅलिस व बि. न्यूटॅन्स ह्या काटक असून फार जलद फुटवे देतात. (४) गुझमॅनिया : गु. लिंग्युलॅटा व तिचे संकरज प्रकार. पाने गुळगुळीत व बिनकाट्याची, छद ताऱ्यासारखे पसरलेले. (५) व्ह्रीसिया : चपट्या तलवारीसारखा लाल वा पिवळा फुलोरा. (६) क्रिप्टँथस : जमिनीलगत ताऱ्याच्या आकारात वाढणारी, पेला नसलेली, पट्टेदार पानांची लहान झाडे. (७) टिलँड्सिया : कुलातील सर्वांत मोठी प्रजाती. हिच्या अनेक जातींस मातीची गरज नसल्याने त्यांना व्यवहारात ‘हवेतील झाडे’ म्हणतात. झाडांवरून दाढीसारखी लोंबणारी टि. अस्नेऑयडीस ही जाती पूर्ण वाढल्यावर बहुधा मुळांशिवायच जगते.

इतिहास : कोलंबस यांनी १४९३ मध्ये ग्वादलूप बेटावर अननस पाहिल्यापासून यूरोपास ह्या कुलाची ओळख झाली. शोभिवंत जातींचा संग्रह एकोणिसाव्या शतकात काचगृहांतून वाढला. बेल्जियममधील लिएज येथील एद्वार मॉरेन (१८३३–८६) यांनी त्यांच्या अभ्यासास वाहून घेतले होते. अमेरिकेत १९५० मध्ये ब्रोमेलियाड सोसायटी स्थापन झाली व मलफर्ड फॉस्टर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. ब्राझीलचे उद्यानशिल्पकार रॉबेर्तू बुर्ले मार्क्स (१९०९–९४) यांनी देशी ब्रोमेलियाडांना सार्वजनिक उद्यानांत मानाचे स्थान दिले. रीओ दे जानेरोजवळील त्यांच्या उद्यानाचा समावेश २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळांत झाला.

नाशिकचे हवामान व लागवड : नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सु. ६०० मी. उंचीवर, गोदावरीच्या काठी वसले आहे. मोगल काळात त्यास ‘गुलशनाबाद’ म्हणत. हल्ली जिल्ह्यात द्राक्षांबरोबर गुलाबाची व इतर फुलांची शेतीही केली जाते. वर्षाचा सु. ७०० मिमी. पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पश्चिमेस इगतपुरीकडे मात्र तो याच्या कित्येक पट असतो. एप्रिल-मेमध्ये तापमान ४०° से.च्या आसपास जाते व हवा अतिशय कोरडी होते; हिवाळ्यात निफाड परिसरात पारा कधीकधी ५° से.च्याही खाली उतरतो. बहुतेक ब्रोमेलियाडांना १५° ते ३०° से. तापमान व दमट, खेळती हवा मानवते. म्हणजे वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात व थंडीत, त्यांना संरक्षण द्यावे लागते.

माध्यम व कुंडी : नाशिकच्या काळ्या मातीत पाणी धरून ठेवण्याचा जो गुण पिकांना उपकारक असतो, तोच ब्रोमेलियाडांना घातक ठरतो; मुळांना हवा न मिळाल्याने ती कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग, लोणारी कोळसा १ भाग व विटांचे बारीक तुकडे १ भाग असे मिश्रण समाधानकारक असते. सोडणातील क्षार निघून जाण्यासाठी ते दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावे. मुळे थोडी असल्याने १२ ते १५ सेंमी. व्यासाची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत माध्यम लवकर वाळत नाही. झाड खोलवर पुरू नये, पानांचे तळ माध्यमाच्या वर राहावेत. लाकडावर वा फांदीवर लावताना खडबडीत सालीची फांदी निवडून काथ्याच्या दोरीने बांधावे; तांब्याची तार वापरू नये.

प्रकाश : निओरेगेलिया, बिलबर्जिया व एक्मिया यांना सकाळचे कोवळे ऊन व उरलेल्या दिवसात भरपूर पण गाळलेला उजेड लागतो. उजेड कमी पडल्यास पाने लांबट, लोंबती व हिरवी होतात. दुपारच्या उन्हात ती भाजून त्यांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात व ते पुन्हा भरून येत नाहीत. गच्चीवर फेब्रुवारी अखेरपासून पाऊस सुरू होईपर्यंत ५० ते ७५ टक्के सावली देणारी जाळी (शेडनेट) बांधणे अवश्य आहे. घरात पूर्वेच्या खिडकीजवळची जागा उत्तम. गुझमॅनिया व व्ह्रीसिया यांना सरळ ऊन देऊ नये.

पाणी : पेला असलेल्या जातींना पेल्यात पाणी द्यावे व माध्यम केवळ ओलसर ठेवावे. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील कूपनलिकांचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. ते वाळल्यावर पानांवर पांढरी पुटे चढतात, खवल्यांचे कार्य मंदावते व पानांची टोके करपतात. पावसाचे पाणी साठविणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. ७०० मिमी. पावसात १० चौ. मी. छतावर सु. ७,००० लि. पाणी पडते. वीस झाडांना प्रत्येकी आठवड्यास पाव लिटर दिल्यास कोरड्या ऋतूच्या ३५ आठवड्यांत १७५ लि. पाणी लागते; म्हणजे २०० लि. क्षमतेचे एक पिंप पुरेसे होते. पिंपास घट्ट झाकण असावे. टिलँड्सियांना आठवड्यातून एक-दोनदा सु. अर्धा तास पाण्यात बुडवून, उलटे धरून निथळावे व वाऱ्यावर तीन-चार तासांत कोरडे होऊ द्यावे. पानांच्या बेचक्यांत पाणी राहिल्यास त्या आतून कुजतात.

ऋतूनुसार निगा : उन्हाळ्यात सकाळी पेले भरावेत, जमिनीवर पाणी शिंपडावे व झाडे एकमेकांजवळ ठेवावीत. पावसाळ्यात कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात व संततधारेत माध्यम चिंब राहणार नाही असा आडोसा करावा. इगतपुरी-त्र्यंबक भागात पारदर्शक छप्पर लागते. सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ फुटवे वेगळे करण्यास चांगला. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १०° से.च्या खाली जाऊ लागल्यास गुझमॅनिया व व्ह्रीसिया घरात घ्याव्यात आणि बाहेरच्या झाडांचे पेले संध्याकाळी जवळजवळ रिकामे करावेत.

खत : ह्या वनस्पतींची भूक कमी असते. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, पाण्यात विरघळणारे मिश्र खत दर लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा अधिक न वापरता माध्यमात द्यावे. नायट्रोजन जास्त झाल्यास निओरेगेलियाचा लाल रंग उतरून पाने हिरवी पडतात. पेल्यात खत घातल्यास शेवाळ वाढते.

तांब्याचा धोका : नाशिक जिल्ह्यात ह्या बाबीस विशेष महत्त्व आहे. द्राक्षांवरील केवडा रोगाच्या बंदोबस्तासाठी बागायतदार बोर्डो मिश्रण (मोरचूद व चुना) व इतर ताम्रयुक्त कवकनाशके फवारतात. तांबे ब्रोमेलियाडांना अत्यंत विषारी आहे. खवल्यांतून ते सरळ पानांत शोषले जाते, मधला कोंब काळा पडतो व झाड मरते. म्हणून ज्या पंपातून अशी फवारणी झाली आहे तो ब्रोमेलियाडांसाठी वापरू नये व बागेच्या वाऱ्याच्या दिशेला ती ठेवू नयेत. मळ्यातील घरी एकाएकी दगावलेल्या झाडांची कारणे शोधताना फवारणीची तारीख आधी तपासावी.

फुलोरा व अभिवृद्धी : बहुतेक जातींत प्रत्येक गुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो. फुलल्यानंतर तो हळूहळू क्षीण होत एक-दोन वर्षांत मरतो; त्याच काळात तळाशी फुटवे येतात. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ लोक छद सुकताच झाड मेले असे समजून ते टाकून देतात व दरवर्षी नवे विकत घेतात. वस्तुतः त्याच वेळी एका झाडाची दोन-तीन झाडे होत असतात. फक्त सुकलेला दांडा कापावा व जुन्या गुच्छास पाणी देत राहावे, कारण फुटव्यांचे पोषण त्याच्यातूनच होते. फुटवा मातृवनस्पतीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत वाढला की धारदार, स्वच्छ सुरीने तळाशी कापून, जखम एक-दोन दिवस सुकू देऊन लावावा. फार लहान फुटवे काढल्यास ते मरतात किंवा फुलण्यास दीर्घ काळ घेतात. बियांपासून वाढ फारच मंद असते व संकरज प्रकारांचे गुण टिकत नाहीत.

पूर्ण वाढलेले झाड फुलत नसल्यास एथिलीन वायूच्या साहाय्याने फुलोरा आणता येतो. धुरामुळे अननस एकाच वेळी फुलतात, हे अझोर्स बेटांतील काचगृहांत एकोणिसाव्या शतकात लक्षात आले. धुरातील क्रियाशील घटक एथिलीन हा होता. घरी करण्याजोगा उपाय असा : पेला रिकामा करून झाडाजवळ एक पिकलेले सफरचंद वा केळे ठेवावे, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी व झाड सावलीत आठवडाभर तसेच ठेवावे. फळातून बाहेर पडणारे एथिलीन पुरेसे होते व दोन ते चार महिन्यांत फुलोरा दिसतो. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी पानगळीसाठी वापरले जाणारे एथेफॉन हे एथिलीन मुक्त करणारेच द्रव्य आहे. त्याचा उडालेला फवारा अर्धवट वाढलेल्या झाडांना अवेळी फुलवितो व त्यांचा फुलोरा खुरटा राहतो.

रोग व कीड : खवले कीड व पिठ्या ढेकूण पानांच्या तळांशी आढळतात. प्रादुर्भाव थोडा असल्यास त्या ओल्या कापसाने पुसून काढाव्यात. तेलकट फवारे रंध्रे व खवले बुजवीत असल्याने जपून वापरावेत. फायटोफ्थोरा व पिथियम यांमुळे कोंब कुजतो, मधली पाने सहज उपटून येतात व दुर्गंधी सुटते. ताम्रयुक्त औषध वर्ज्य असल्यामुळे पाण्याचा निचरा व खेळती हवा हाच खरा प्रतिबंध होय.

डास व आरोग्य : पेल्यातील साचलेले पाणी हा ब्रोमेलियाडांवरील सर्वांत गंभीर आक्षेप आहे. ट्रिनिडाड व दक्षिण ब्राझील येथे विसाव्या शतकात पेल्यांत वाढणाऱ्या विशिष्ट ॲनॉफेलीस डासांमुळे हिवताप पसरला होता. ते डास भारतात नाहीत. डेंग्यू व चिकुनगुन्या यांचा प्रसार करणाऱ्या ईडीस ईजिप्ताय डासाबाबतचे पुरावे मात्र ठिकाणानुसार भिन्न आहेत. रीओ दे जानेरो येथील वनस्पतिउद्यानातील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पेल्यांतील अळ्यांमध्ये ह्या डासाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. उलट फ्लॉरिडातील मायामी येथे २०१६ च्या झिका साथीनंतर शहरी बागांतील ब्रोमेलियाडांत तो मोठ्या प्रमाणावर सापडला. शहरात जेथे झाडे दाट लावली जातात व पाणी हलविले जात नाही तेथे धोका खरा आहे, असे यावरून अनुमान निघते. अळीपासून डास होण्यास उबदार हवेत एक आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून ठरावीक वारी, आठवड्यातून एकदा, कुंडी उलटी करून पेला रिकामा करावा व ताज्या पाण्याने धुऊन भरावा. अधिक झाडे असल्यास बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जैव अळीनाशक वापरता येतो. तो झाडास अपाय करीत नाही. रॉकेल वा इतर तेल पेल्यात टाकू नये. ज्या घरी पंधरवडा-पंधरवडा कोणी नसते तेथे पेला नसलेल्या क्रिप्टँथस किंवा टिलँड्सिया लावणे श्रेयस्कर.

संरक्षण व आयात : टिलँड्सियांच्या काही जाती निसर्गातून बेसुमार गोळा केल्याने दुर्मिळ झाल्या आहेत. टि. झेरोग्राफिका ही जाती वन्य जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट असून भारत १९७६ पासून ह्या कराराचा सदस्य आहे. आयात झाडांबरोबर कीडही येते. मेक्सिकोतून फ्लॉरिडात पोहोचलेला एक सोंडकिडा १९८९ मध्ये प्रथम आढळला व त्याने तेथील जंगलांतील देशी ब्रोमेलियाडांची अपरिमित हानी केली. त्यामुळे झाडे रोपवाटिकेत वाढविलेली आहेत याची खात्री करून घेणे व नवे झाड काही आठवडे इतरांपासून वेगळे ठेवणे योग्य. काटक जाती फुटव्यांद्वारे सहज वाढत असल्याने, एकदा मिळालेले झाड शेजारीपाजारी वाटून घेणे हाच प्रसाराचा सर्वांत निर्धोक मार्ग आहे.